घासाचे हायब्रीड का नाही?

कऱ्हाडहून इस्लामपूरकडे किंवा पलूसहून मिरजेकडे संध्याकाळच्या वेळी निघाले, की रस्त्यावर वैरणीची मिरवणूकच दिसते. सायकलच्या कॅरिअरला बांधलेला घासाचा भारा, मोटारसायकलीवर आडवी टाकलेली हत्तीगवताची मोळी आणि गळिताचा हंगाम असेल तर उसाच्या वाढ्यांनी भरलेल्या गाड्या. हीच वाट पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांकडे वळली, की हिरवा रंग झपाट्याने कमी होतो. तिथे कडब्याची गंज हीच दौलत. १९७२, २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत याच भागातली जनावरे छावण्यांत उभी होती, आणि छावण्यांतली वैरण बहुतांशी उसाचीच होती.

अशाच एका फेरीत, घासाच्या वाफ्याच्या बांधावर, एका शेतकऱ्याने आम्हाला विचारले, "मास्तर, जोंधळ्याचं हायब्रीड आलं, बाजरीचं आलं, कपाशीचं आलं. मग आमच्या घासाचं का न्हाई?" प्रश्न साधा, पण उत्तर चटकन देता येईना. ते शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले, की या एका प्रश्नात फुलाची रचना, मधमाशी, गुणसूत्रे, जनावराचे पोट आणि बाजारातला बियाण्याचा भाव, असे सगळेच गुंतलेले आहे. वर्गात शिकवायला याहून चांगला धडा कुठे मिळेल?

तीन पानांचे घराणे

लसूणघास, ज्याला आपल्याकडे नुसते 'घास' म्हणतात, हे गवत नव्हेच. ती हरभरा, तूर, भुईमूग यांच्या शिंबी कुळातली वनस्पती आहे. घरात मेथीची जुडी असेल तर तिचे एक पान घेऊन पाहा: एका देठावर तीन पर्णिका. लसूणघासाचे पानही तसेच. बरसीम ही थंडीतली वैरणही तशीच. मेथी, लसूणघास आणि बरसीम ही जवळची भावंडे आहेत. बरसीम हे 'क्लोव्हर' या प्रसिद्ध वैरणगटातले पीक. क्लोव्हरचे शास्त्रीय नाव ट्रायफोलियम, म्हणजेच 'तीन पानांचे'. युरोपात आणि न्यूझीलंडमध्ये दुधाचा धंदा ज्या कुरणांवर उभा राहिला, त्यांत पांढरे क्लोव्हर आणि लाल क्लोव्हर ही मुख्य नावे. आपल्याकडे क्लोव्हर म्हणजे बरसीम. ते मूळचे इजिप्तकडचे. १९०४ साली सिंध प्रांतात आले आणि तिथून उत्तर भारतभर पसरले. सातारा-सांगलीची थंडी लहान. मार्च लागला की ऊन तापते आणि बरसीम आटोपते. म्हणून इथे बरसीमपेक्षा लसूणघास अधिक रुजला. तो एकदा पेरला की दोन-तीन वर्षे टिकतो आणि दर तीन-चार आठवड्यांनी कापता येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'आरएल-८८' हा बहुवर्षायू वाण आपल्या भागात परिचयाचा आहे.

या कुळातल्या वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून झाडाला देतात, आणि नायट्रोजन म्हणजेच प्रथिनांचा कच्चा माल. एक गोष्ट मात्र वर्गात आवर्जून सांगावी. लसूणघासाचा जिवाणू वेगळा आणि बरसीमचा वेगळा. एकाचे संवर्धक दुसऱ्याला चालत नाही. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळण्याआधी पाकिटावरचे पिकाचे नाव वाचलेच पाहिजे.

एक छोटा हिशेब

घास महत्त्वाचा का, हे आकड्यांनीच कळते. उसाच्या ओल्या वाढ्यांत साधारण ७० टक्के पाणी असते. म्हणजे २५ किलो वाढ्यांत कोरडा भाग सुमारे साडेसात किलो. त्यात प्रथिने पाच-साडेपाच टक्के धरली तर होतात सुमारे ४०० ग्रॅम. आता ओला लसूणघास घ्या. त्यात पाणी सुमारे ८० टक्के. १० किलो घासात कोरडा भाग २ किलो, आणि त्यात प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पुन्हा ४०० ग्रॅमच! २५ किलो वाढे आणि १० किलो घास, प्रथिनांच्या हिशेबात जवळजवळ सारखे. दहा लिटर दूध देणारी गाय नुसत्या दुधावाटेच रोज ३०० ग्रॅमहून अधिक प्रथिने बाहेर टाकते. शिवाय तिचे स्वतःचे शरीर चालायचे असते. ती नुसत्या वाढ्यांवर भागवू लागली तर एक तर दूध आटेल, नाही तर पेंडीचा खर्च वाढेल. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियमला बांधून ठेवते, ही आणखी एक अडचण.

तर मग सगळीकडे घासच का लावू नये? त्याला पाणी लागते, हे एक. आणि दुसरे म्हणजे बियाणे. चांगल्या, शुद्ध बियाण्याची टंचाई हे वैरण पिकांचे जुने दुखणे आहे.

जो पाला देतो तो बी देत नाही

ज्वारीचे पीक आपण कणसासाठी घेतो. बी देणे हेच त्याचे काम. निवड करताना शेतकऱ्याने हजारो वर्षे मोठे कणीस पाहिले. वैरणीचे तसे नाही. तिथे आपल्याला पाने हवीत, कोवळी देठे हवीत आणि फुलोरा शक्य तितका उशिरा हवा. कारण फुलोरा आला की देठ निबर होते, त्यात काष्ठतंतू वाढतात आणि पचनीयता घसरते. म्हणून घास फुलावर येताच आपण विळा लावतो. वैरणीसाठी उत्तम झाड म्हणजे फुलायचा कंटाळा करणारे झाड! पण असे झाड बी कुठून देणार? झाडाकडे अन्न मर्यादित असते. ते पानांत घातले तर दाण्यांना कमी पडते, दाण्यांत घातले तर पाने वाळतात. वैरण पिकांच्या पैदासकारापुढची मुख्य अडचण हीच आहे. एकाच वाणाने दूधवाल्यालाही खूश करायचे आणि बियाणे पिकवणाऱ्यालाही.

या पेचातून एक वाट आपल्या डोळ्यांसमोरच आहे. आपण ज्याला हायब्रीड नेपियर म्हणतो, ते बाजरी आणि हत्तीगवत यांचा संकर आहे. भारतात हा संकर प्रथम १९५३ साली कोइमतूरला झाला. १९६१ साली दिल्लीहून 'पुसा जायंट नेपियर' आले. पुढे राहुरीने 'यशवंत' आणि 'फुले जयवंत' हे वाण दिले. 'जयवंत'मध्ये ऑक्झॅलेटचे प्रमाण कमी ठेवण्याकडे लक्ष दिलेले आहे. बाजरीच्या पेशीत १४ गुणसूत्रे, हत्तीगवताच्या पेशीत २८. अपत्याला एकाकडून ७ आणि दुसऱ्याकडून १४, म्हणजे एकूण २१ मिळतात. लिंगपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. २१ गुणसूत्रांचा हिशेब तिथे बसत नाही आणि झाड वांझ राहते. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून झालेल्या खेचरासारखेच हे. पण इथे वांझपण आपल्या पथ्यावर पडते. बी धरायचे नसल्याने सगळे अन्न पाल्यात जाते, आणि लागवड ठोंबांनी होते. शेजाऱ्याकडून एक मोळी ठोंब आणले की काम झाले. दरवर्षी दुकानात जावे लागत नाही.

मग घासाचेही असे का करू नये? पुन्हा हिशेब करू. नेपियरची लागवड ९० × ६० सेंटीमीटरवर केली तर हेक्टरी सुमारे १८,५०० ठोंब लागतात. लसूणघासाचे बी हेक्टरी २५ किलो पेरतात. हजार दाण्यांचे वजन सुमारे २ ग्रॅम, म्हणजे एका किलोत ५ लाख दाणे आणि २५ किलोत सव्वा कोटी! सव्वा कोटी रोपे कोणी हाताने लावील काय? नेपियर बियाण्यावाचून जगू शकते, घास आणि क्लोव्हर जगू शकत नाहीत. बियाणे पिकले नाही, तर त्यांचा उत्तमातला उत्तम वाण प्रयोगशाळेच्या वाफ्यातच राहतो.

फुलातला सापळा

आता फुलाकडे वळू. लसूणघासाचे जांभळे फूल वाटाण्याच्या फुलासारखे असते. वर एक मोठी पाकळी, तिला ध्वज म्हणतात. बाजूला दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली नाव. या नावेत पुंकेसर आणि स्त्रीकेसर ताणलेल्या स्प्रिंगसारखे दाबून बसवलेले असतात. माशी नावेवर बसली की सापळा सुटतो आणि केसरांचा दांडा फटकन वर येऊन तिच्या डोक्यावर आपटतो. तिच्या अंगावरचे परक्या झाडाचे पराग कुक्षीला लागतात आणि या फुलाचे पराग तिला चिकटतात. सापळा सुटलाच नाही, तर शेंग क्वचितच धरते.

साध्या मधमाशीला हा फटका आवडत नाही. ती लवकरच शहाणी होते आणि फुलाच्या बाजूने सोंड घालून मध चोरते. म्हणून अमेरिकेत घासाच्या बियाण्यासाठी पाने कापणाऱ्या एकांड्या माश्या मुद्दाम पाळतात. बरसीमचे फूल स्वतःच्या परागानेही फळू शकते, पण तिथेही माशी आली तर दाणे भरघोस धरतात.

माशीवाचून बी नाही, याचा मोठा धडा न्यूझीलंडने घेतला. तिथे गेलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी लाल क्लोव्हर पेरले. पीक छान आले, पण बी फारसे धरेना. लाल क्लोव्हरच्या फुलाची नळी लांब असते, तिच्या तळाशी पोचणारी लांब सोंडेची माशी त्या देशात नव्हती. अखेर १८८५ साली इंग्लंडहून भुंग्यासारख्या केसाळ माश्या, म्हणजे बंबलबी, जहाजाने आणून सोडल्या, आणि बी धरू लागले.

आपल्याकडे महाबळेश्वरचा मध प्रसिद्ध आहे. त्याच तालुक्यातले मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पण मधमाशीची खरी कमाई मधाच्या बाटलीपेक्षा शेजारच्या शेतात असते, हे मुलांना सांगायला हवे. फुलोऱ्यावरच्या घासावर भर दुपारी कीटकनाशक मारणारा शेतकरी स्वतःचेच बियाणे मारत असतो.

गोत्र पाहणारे फूल

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. ज्वारीचे पहिले हायब्रीड 'सीएसएच-१' १९६४ साली आले, बाजरीचे 'एचबी-१' १९६५ साली. हायब्रीड कसे करतात? आधी दोन शुद्ध वंश तयार करतात. त्यासाठी झाडाला पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागाने फळवतात. मग एका वंशातली झाडे नरवंध्य, म्हणजे पराग न देणारी, असतात. त्यांच्या शेजारी दुसरा वंश लावतात. नरवंध्य झाडांवर धरलेले प्रत्येक बी संकरित असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचा 'नारी-एनएच-१' हा बिनकाटेरी संकरित वाण केला, तोही नरवंध्य झाडांच्या आधारानेच.

क्लोव्हरमध्ये पहिल्याच पायरीवर पाय अडतो. पांढरे आणि लाल क्लोव्हर स्वतःचे पराग स्वीकारत नाहीत. पूर्वी लग्न ठरवताना जसे गोत्र पाहत, तसेच हे फूल परागाचे 'गोत्र' पाहते. एका विशिष्ट जनुकाची अनेक रूपे असतात. परागातले रूप कुक्षिवृंतातल्या दोन रूपांपैकी एकाशी जरी जुळले, तरी परागनलिका वाटेतच थांबते. या व्यवस्थेमुळे जातीत विविधता टिकते, पण पैदासकाराला शुद्ध वंश मिळणे अवघड होते. लसूणघासात ही बंदी इतकी कडक नाही. पण तिथे प्रत्येक गुणसूत्राच्या चार-चार प्रती असतात आणि स्वपरागाने झालेली संतती झपाट्याने दुबळी होते.

म्हणून वैरणीत वेगळी रीत रुळली. पाने, कापणीनंतरची वाढ, रोगप्रतिकार आणि बियाणे अशा गुणांत सरस ठरलेली बरीच झाडे निवडायची, त्यांना एकमेकांत मुक्तपणे फळू द्यायचे आणि त्या मिश्र बियाण्यालाच वाण म्हणायचे. याला संश्लेषित वाण म्हणतात. असा वाण म्हणजे एक माणूस नसून एक गावच असते. गाव चांगले असले, तरी त्यातला प्रत्येक जण पहिलवान नसतो. अमेरिकेत एकविसाव्या शतकाच्या आरंभी नरवंध्य झाडांचा उपयोग करून लसूणघासाचे संकरित बियाणे बाजारात आले. म्हणजे ते अशक्य नाही. पण इवल्या फुलांतून, माश्यांच्या मर्जीवर असे बियाणे पिकवणे महागात पडते.

दूरच्या नात्यातली सोयरीक

क्लोव्हरमध्ये 'संकर' हा शब्द अधिक करून दोन जातींच्या संकरासाठी वापरतात. पांढरे क्लोव्हर हेच मुळी निसर्गाने केलेले हायब्रीड आहे. समुद्रकाठचे एक क्लोव्हर आणि उंच डोंगरावरचे दुसरे हिमयुगाच्या शेवटच्या टप्प्यात जवळ आले आणि त्यांच्या संकरातून ते जन्मले, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसते. वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या पैदासकारांनी हाच धागा पुढे नेला. पांढऱ्या क्लोव्हरचा एक भाऊबंद एकवर्षायू आहे आणि तो फुलांनी लगडतो. त्याच्याशी संकर करून बियाणे वाढवता येईल का, हे त्यांनी पाहिले. दुसरा भाऊबंद कॉकेशसचा, जमिनीखाली खोड पसरवणारा. त्याच्याशी संकर करून अवर्षणात टिकणारे क्लोव्हर त्यांनी मिळवले.

आपल्या देशात हे काम झाशीच्या भारतीय चारा व कुरण संशोधन संस्थेत झाले. ही संस्था १९६२ सालची. भारतातले बरसीम थोड्याशा आयात बियाण्यातून वाढलेले, त्यामुळे त्यात विविधता कमी. रोगाशी लढणारी आणि जास्त दिवस हिरवी राहणारी जनुके आणायची, तर दुसऱ्या जातीच्या दारी जावे लागते. पण दोन जातींच्या संकरात भ्रूण तयार होतो आणि त्याला पोसणारा भ्रूणपोष मात्र बिघडतो. बाळ आहे, पण दूध नाही! अशा वेळी कोवळ्या बीजातून भ्रूण अलगद काढून साखर व क्षार घातलेल्या माध्यमावर वाढवतात. झाशीच्या शास्त्रज्ञांनी बरसीम आणि 'ट्रायफोलियम अपर्टम' या जातीचा संकर याच पद्धतीने मिळवला आणि २००४ साली प्रसिद्ध केला. अशा संकरातली बरीच झाडे अर्धवट वांझ असतात. त्यांचा पुन्हा बरसीमशी संकर करत करत बी धरण्याची ताकद परत आणावी लागते. एका संकरापासून शेतापर्यंतचा रस्ता दहा-पंधरा वर्षांचा असतो.

गुणसूत्रे दुप्पट करणे हा आणखी एक मार्ग. दिल्लीचा 'पुसा जायंट' बरसीम असाच आहे. कोल्चिसिन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट केली की पाने मोठी आणि रसदार होतात. पण फुलेही मोठी होतात! लाल क्लोव्हरच्या अशा वाणांत फुलाची नळी आणखी लांबली, साध्या मधमाशीची सोंड मधापर्यंत पोचेना, आणि बी घटले. एक दोर ओढला की दुसरा सुटतो, तो असा.

गुणवत्ता म्हणजे नुसती प्रथिनेही नव्हेत. भुकेल्या जनावराने ओला, कोवळा घास एकदम खाल्ला, तर पोटात फेस होतो, वायू अडकतो आणि पोटफुगीने जनावर दगावू शकते. म्हणूनच आपले जाणते लोक आधी कडबा टाकतात आणि घास सुकवून, मिसळून देतात. काही वनस्पतींच्या पानांत असलेले टॅनिन हा फेस होऊ देत नाही. ते क्लोव्हरच्या पानांत आणण्याचे प्रयत्न न्यूझीलंडमध्ये चालू आहेत.

वर्गात आणि वाफ्यावर

गावात फुलावर आलेला घासाचा एखादा वाफा मिळवा. पहिला प्रयोग पाच मिनिटांचा: ताज्या फुलाच्या नावेवर खराट्याच्या हिराने हलकेच दाबा आणि भिंगातून पाहा. सापळा सुटलेला दिसेल.

दुसरा प्रयोग पाच-सहा आठवड्यांचा. फुलांचे काही तुरे निवडून त्यांचे चार गट करा. पहिल्या गटावर मलमलीची पिशवी बांधा आणि हात लावू नका. दुसऱ्यावर पिशवी बांधा, पण त्या झाडाच्या फुलांचे सापळे त्याच झाडापुरत्या हिराने सोडा. तिसऱ्यावरही पिशवी बांधा, पण हिराला आधी दुसऱ्या झाडाचे पराग लावून मग सापळे सोडा. चौथा गट उघडा ठेवा, माश्यांसाठी. मग शेंगा मोजा आणि प्रत्येक शेंगेतले दाणेही मोजा. घासाची शेंग शंखासारखी वळलेली असते, मुलांना ती उघडायला आवडेल. पहिल्या आणि दुसऱ्या गटातला फरक काय सांगतो? दुसऱ्या आणि तिसऱ्यातला काय सांगतो? तिसऱ्यापेक्षा चौथ्यात दाणे कमी भरले, तर आपल्या शिवारातल्या माश्यांबद्दल काय म्हणता येईल?

तिसरे काम बियाण्याच्या पारखीचे. बरसीमच्या बियाण्यात कासनी या तणाचे बी मिसळलेले असते. १० टक्के मिठाच्या पाण्यात बियाणे टाकले की ते हलके बी वर तरंगते. ते काढून उरलेले बियाणे साध्या पाण्याने धुवावे. अमरवेलीचे बी मात्र असे सहज वेगळे होत नाही. घासाच्या वाफ्यात पिवळे दोरे दिसले, तर तेवढी जागा मुळासकट काढून जाळणे आणि त्या वाफ्याचे बी न धरणे हाच उपाय.

पुढच्या फेरीत तो शेतकरी भेटला तेव्हा आम्ही त्याला एवढेच सांगितले: घास स्वतःशी जमवून घेत नाही आणि बी धरायला त्याला माशी लागते, म्हणून त्याचे हायब्रीड ज्वारीसारखे सोपे नाही. तोवर चांगल्या वाणाचा एक कोपरा राखा, थंडी ओसरली की त्यावर विळा चालवू नका, औषध मारू नका आणि त्याचे बी धरा. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "म्हंजे एक कोपरा जनावराच्या तोंडचा काढायचा?" प्रश्न बरोबर होता. पाला की बी, हा पैदासकाराचा पेच त्याच्या दोन गुंठ्यांतही तसाच होता.